वजाबाकी चिपवरच

कोहेरंट रिसीव्हरच्या लेआउटमध्ये माझा जीव अडकतो तो हायब्रिड आणि फोटोडायोड यांच्यामधल्या पट्टीत. चार बाय चारच्या एमएमआयमधून 'आय'ची जोडी बाहेरच्या दोन तोंडांतून निघते, 'क्यू'ची आतल्या दोन तोंडांतून. जोड्या शेजारी आणायच्या, तर चौथ्या वेव्हगाइडला मधले दोन ओलांडून पहिल्याशेजारी यावं लागतं. त्याच्या वाट्याला दोन क्रॉसिंग, पहिल्याच्या वाट्याला एकही नाही. म्हणून पहिल्याच्या वाटेतही मी दोन खोटी क्रॉसिंग घालतो. त्यांतून आडवं काहीच जात नाही. लांबीही जुळवतो. सिलिकॉनमध्ये 70 मायक्रॉन म्हणजे साधारण एक पिकोसेकंद, आणि केसाच्या जाडीएवढ्या तेवढ्या फरकाने 50 गिगाहर्ट्झला कॉमन मोड जेमतेम 16 डेसिबल दबतो.

डीएसपीवाले म्हणतात, आम्ही सावरून घेऊ. आय-क्यूमधला स्क्यू ते सावरतात, नव्वद अंशांचा कोन चुकला तर तोही सरळ करतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. एर्बियम अॅम्प्लिफायर आल्यावर मागे पडलेलं कोहेरंट त्यांनीच परत उभं केलं. पण लोकल ऑसिलेटरच्या तीव्रतेतला गोंगाट आणि शेजारच्या चॅनेलांचे स्वतःशीच होणारे बीट जोडीतल्या दोन्ही डायोडांवर सारखेच पडतात. ते तिथेच वजा झाले नाहीत, तर सिग्नलमध्ये मिसळून एडीसीत शिरतात आणि मग वेगळे काढणं जवळजवळ अशक्य होतं. फाउंड्रीचे तयार ब्लॉक उचलून जोडणाऱ्या नव्या डिझायनरांना हे कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुण्याहून आमच्याकडे ओटावाला आलेल्या मुलीने मात्र लेआउट पाहून सरळ विचारलं, "सर, आधी विषमता आणायची आणि मग ती भरून काढायची, त्यापेक्षा ती मुळात नकोच ना?" तिने दोन बाय चारचा एमएमआय घेतला, खालच्या दोन तोंडांपुढे फेज शिफ्टर आणि दोन बाय दोनचा एमएमआय लावला. मांडणी नवी नाही, प्रसिद्ध झालेली आहे. जोड्या आपोआप शेजारी येतात, क्रॉसिंग एकही लागत नाही. मला ते लागलं. खोटी क्रॉसिंग ही माझी सही होती. मास्क पाहताच काम कुणाचं ते लोकांनी ओळखावं, ही हौस मला होती आणि अजूनही आहे.

तरी माझा आक्षेप नुसत्या अभिमानाचा नाही. तिच्या शिफ्टरची फेज वेव्हगाइडच्या रुंदीवर ठरते आणि एचिंगमध्ये रुंदी काही नॅनोमीटर इकडेतिकडे होतेच. माझ्या हायब्रिडमध्ये फेजची चूक बरीचशी कोनाची चूक राहते. तिच्याकडे ती पुढच्या एमएमआयमधून थेट तोलात उतरते: पाच अंश चुकले, की क्यूच्या दोन डायोडांवरच्या प्रकाशात बेरजेच्या जवळपास 9 टक्के फरक. हीटर लावता येतो, पण मग वीज आली, नियंत्रणाचा लूप आला आणि शेजारच्या भागांना नको ती ऊबही आली. तिचं म्हणणं, शिफ्टर अशा आकाराचा करू की दोन्ही भुजा एचिंगने सारख्याच बदलतील. तिचं सिम्युलेशन मी बारकाईने पाहिलं. ते पटण्यासारखं आहे.

पुढच्या टेपआउटला दोन्ही मांडण्या एकाच चिपवर जात आहेत. मोजमाप मात्र पूर्ण सी बँडभर घ्यायचं, हे मी तिला बजावलं आहे. नुसतं 1550 नॅनोमीटरला पाहिलं तर दोन्ही चांगल्याच दिसतील.