टेप घेऊन आलेला पाहुणा

मुलगी दाखवायच्या दिवशी घरात जी धांदल उडते, तशी त्या दिवशी माझी उडाली होती. आणि गंमत अशी, की घर अजून आमचे झालेच नव्हते! बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस अकराला येणार, म्हणून मी सकाळीच किल्ली मागून आणली, तो रिकामा फ्लॅट झाडून काढला, उंबऱ्याशी दोन बोटे रांगोळी ओढली आणि थर्मासमध्ये चहा घेऊन त्याची वाट पाहत बसले.

ही गोष्ट 2024 मधली. आम्ही मूळचे मिरजेचे, ह्यांच्या बदलीमुळे सांगलीत आलेले. लग्नाला एकवीस वर्षे झाली, पण संसार सगळा भाड्याच्या घरात. त्यामुळे पहिल्या मजल्यावरचा हा फ्लॅट दिसला आणि मी हुरळून गेले. पूर्वेकडे स्वयंपाकघर, बंद करून घेतलेली गॅलरी, जिन्याला नुकताच दिलेला रंग. किंमत ठरली 38 लाख. ह्यांनी लाखभर रुपये विसार दिला आणि साध्या कागदावर पावती घेतली. चार दिवसांत बँकेचे मंजुरीपत्रही आले. मी देवापुढे साखर ठेवली.

मैत्रिणींनो, इथेच माझी पहिली चूक झाली. मंजुरीपत्र म्हणजे साखरपुडा, लग्न नव्हे. त्याच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत अटी होत्या, त्या मी वाचल्याच नाहीत. वकिलाने तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेऊन मालकी निर्वेध असल्याचा अहवाल द्यायचा. आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी मूळ स्वरूपात दाखवायची. सोसायटीचे ना हरकत पत्र, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती, विकणाऱ्याचे कर्ज असेल तर ते फिटल्याचा दाखला. आपल्या वाट्याची रक्कम आधी भरल्याचा पुरावा. आणि मूल्यांकन समाधानकारक असेल तरच पैसे! यांतली एक अट अडली तरी चेक निघत नाही.

पाहुणे आले ते पन्नाशीचे, हातात टेप आणि वही. चपला बाहेर काढल्या, पण चहाला "नको" म्हणाले. खोली न् खोली मोजली. विकणाऱ्यांनी 900 चौरस फूट सांगितले होते. ते म्हणे जिना, भिंती, सगळे धरून. आतली वापरायची जागा, म्हणजे कार्पेट एरिया, भरली 610. "आणि ही गॅलरी?" मी विचारले. "परवानगी न घेता बंद केलीय ताई, ती खोली म्हणून धरता येत नाही." इमारतीचे वय विचारले, भोगवटा प्रमाणपत्र मागितले. माझ्या पूर्वेकडच्या स्वयंपाकघराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. मला तर राग यायला लागला होता.

मग ते खाली उतरले आणि जिन्याखालच्या विजेच्या मीटरांच्या फळीमागे त्यांनी बॅटरी मारली. तिथे रंगाऱ्याचा कुंचला पोहोचला नव्हता. भिंतीवर मातकट रेघ होती, माझ्या खांद्याच्याही वर.

"2019 चं पाणी," ते म्हणाले.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. आम्ही तेव्हा मिरजेत होतो. विकणाऱ्या गृहस्थांना आम्ही विचारले होते, नाही असे नाही. "फाटकापर्यंत आलं होतं," एवढेच त्यांनी सांगितले होते. आणि जिन्याचा नवा रंग पाहून खूश झाले होते मी!

आठवड्याने आकडा आला : 33 लाख.

पाच लाखांनी कमी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्के आणि त्यावरच्या कर्जाला 75 टक्के देता येतात. ही वरची मर्यादा झाली. बँक कमीही देऊ शकते. आमच्या बँकेने 80 टक्के धरले होते, आणि तेही ठरलेली किंमत आणि मूल्यांकन यांत जे कमी असेल त्यावर. म्हणजे 30 लाख 40 हजारांच्या जागी 26 लाख 40 हजार. चार लाखांचा खड्डा! मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्जात धरत नाहीत, तो वेगळाच.

त्या रात्री हे जेवले नाहीत. पतसंस्थेतून वरचे कर्ज काढू म्हणाले, मग गप्प बसले. माझ्या पाटल्यांचे नाव त्यांनी काढले नाही, पण ते मनात होते, ते मला कळत होते. एकवीस वर्षांत एवढे तर कळतेच. मी उठले आणि कपाटातून डबी आणून समोर ठेवली. आईने तिच्या हातच्या काढून मला घातलेल्या पाटल्या त्या.

सासूबाई इतका वेळ वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "पाटल्या तुझ्या, घर दोघांचं. पण मला एक सांग, त्या माणसानं घर पाडून पाहिलं, की खरं पाहिलं?"

मी निरुत्तर झाले. खरेच, या सगळ्या व्यवहारात विकणाऱ्याला विकायचे होते, दलालाला दलाली हवी होती, आम्हाला घर हवे होते. घर आवडण्याची गरज नसलेला तो एकच माणूस होता. तो बँकेसाठी आला होता हे खरे. पण बँकेचे पैसे ज्या भिंतीत बुडतात, त्याच भिंतीत आपलेही बुडतात. बँकेला 33 लाखांचे वाटणारे घर 38 ला घेण्यासाठी मी पाटल्या मोडायला निघाले होते!

डबी परत कपाटात गेली.

दुसऱ्या दिवशी मी शाखेत गेले. मॅडमनी अहवालातली कारणे वाचून दाखवली, ती मी वहीत उतरून घेतली. संध्याकाळी आम्ही दोघे विकणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. ते आधी रागावले. व्यवहार मोडलात तर विसार परत मिळणार नाही म्हणाले. पावतीत त्याबद्दल काही लिहिलेलेच नव्हते, तेव्हा आम्हीही मनातून हबकलो. पण मी वही उघडली. म्हटले, "भाऊ, पुढचा गिऱ्हाईकही बँकेतूनच कर्ज काढणार, आणि त्या बँकेचा माणूसही याच जिन्यानं चढणार."

आठ दिवसांनी ते 35 लाखांवर आले. वरचे लाखभर माझ्या पोस्टातल्या आवर्ती ठेवीतून निघाले. पहिल्या मजल्यावर पाणी कधी चढले नव्हते, हे शेजाऱ्यांना विचारून खात्री केली आणि घर घेतले. पुराची भीती संपली असे नाही. पण ती आता माहीत असलेली भीती आहे. वर्गणी काढून सोसायटीने मीटर वर चढवून घेतले आहेत.

घर घ्यायला निघालेल्या मैत्रिणींना म्हणून चार गोष्टी सांगते. विसाराच्या पावतीवर "कर्ज मंजूर न झाल्यास किंवा मूल्यांकन कमी आल्यास रक्कम परत" हे वाक्य लिहून घ्या. मूल्यांकन आणि वकिलाचा अहवाल हाती आल्याशिवाय करारनामा नोंदवू नका, कारण मुद्रांक शुल्क तिथेच भरावे लागते. कर्जाच्या कागदावर सही मागितली, तर खरेदीखतावरही आपले नाव आहे ना, ते पाहा. नुसते सहकर्जदार होणे म्हणजे देणे आपले आणि घर दुसऱ्याचे. आणि मूळ कागद बँकेत ठेवताना त्यांची यादी शिक्क्यासह घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत ते परत द्यावे लागतात, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे.

वास्तुशांतीला आलेल्या नणंदेने विचारले, "वहिनी, इथं पाणी येतं का गं?" मी तिला हात धरून खाली नेले आणि ती रेघ दाखवली. मग वर येऊन आम्ही पूर्वेकडच्या स्वयंपाकघरात पुरणाच्या पोळ्या लाटायला बसलो. पाटल्या माझ्या हातात होत्या.