रिमोट कुणाच्या हाती?

वाचकहो, घरात एखादे नवे यंत्र आणायचे म्हटले की आपण त्याचा विचार बहुधा किमतीच्या आणि क्षमतेच्या अंगाने करतो. ते रोज कुणाच्या हाती राहणार, त्या हातांना कंप आहे का, त्या डोळ्यांना आणि कानांना ते झेपेल का, हे प्रश्न मागाहून सुचतात. पुष्कळदा सुचतही नाहीत. टीव्हीला जोडायच्या स्ट्रीमिंग स्टिकसारखी किरकोळ वस्तू निवडतानाही हे प्रश्न आधी विचारले, तर घरातील ज्येष्ठांच्या दिवसात केवढा फरक पडतो, हे मी गेल्या वर्षभरात जवळून पाहिले आहे. तोच अनुभव आपल्यापुढे ठेवते.

माझे वडील, अप्पा, आता ८४ वर्षांचे आहेत. त्यांची सारी नोकरी एसटीच्या स्थानकांवर वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली आहे, हे ध्वनिक्षेपकावरून सांगणारा खणखणीत आवाज त्यांचा. आता समोरच्याचे बोलणे त्यांनाच अर्धेमुर्धे ऐकू येते. संध्याकाळी टीव्ही लावला की आवाज वाढत जाई, आणि शेजारच्या खोलीत बारावीचा अभ्यास करणारी नात दार लावून घेई. कुणी काही बोलले नव्हते. पण एके दिवशी अप्पांनी आपण होऊन आवाज कमी केला. मग संवाद कळेनात, म्हणून थोडा वेळ बसून ते उठू लागले. पुढे तर बाहेर येणेच थांबले. सातच्या सुमारास त्यांच्या खोलीत डोकवावे, तर दिवा न लावता पलंगावर बसलेले. ‘‘अप्पा, बातम्या लागल्यात, येता ना?’’ असे विचारले की उत्तर ठरलेले, ‘‘राहू दे गं, तिचा अभ्यास महत्त्वाचा.’’

या उत्तरात समजूतदारपणा होता, तसे माघार घेणेही होते. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात, असे ऑडिऑलॉजिस्टने आम्हांला समजावून सांगितले. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि स्वर तेवढे ऐकू येतात. म्हणून ‘‘ऐकू येतं, पण कळत नाही’’ ही वृद्धांची तक्रार अक्षरशः खरी असते. टीव्हीचा आवाज वाढवल्याने गोंगाट वाढतो, स्पष्टता तितकी वाढत नाही. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलणे टाळतो, बोलणे टाळले की एकटा पडतो. स्मृतिभ्रंशाच्या ज्या जोखमी कमी करता येण्याजोग्या आहेत, त्यांत लॅन्सेट आयोगाने श्रवणदोषाची गणना केली आहे, ती उगीच नव्हे.

आमचा टीव्ही आठ वर्षांचा. चित्र उत्तम, पण त्यातील ॲप नव्या आवृत्त्या घेईनासे झाले होते. अशा वेळी नवा टीव्ही घेण्याची गरज नसते. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची खाच असली की छोटे साधन जोडून काम भागते. आपला टीव्ही त्याहून जुना, लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांचा असेल, तर मध्ये जोडायचा कन्व्हर्टर मिळतो. परंतु त्या पडद्यावर बारीक अक्षरे नीट वाचता येत नाहीत, हे ज्येष्ठांच्या दृष्टीने ध्यानात ठेवावे.

दुकानदाराने आम्हांला प्रथम दाखवले ते फोर-के चित्राचे साधन. आमचा टीव्ही फोर-के नव्हताच. मी विचारले, ‘‘याला ब्लूटूथचा हेडफोन जोडता येतो का? आणि रिमोट हातात घेऊन पाहता येईल का?’’ त्याने खोका उघडून रिमोट अप्पांच्या हाती दिला. अप्पांनी तो उलटसुलट करून अंगठ्याने बटणे चाचपली आणि विचारले, ‘‘आवाजाचं बटण कुठाय?’’ ते नव्हतेच. काही स्वस्त नमुन्यांच्या रिमोटवर टीव्ही चालू-बंद करण्याची आणि आवाजाची बटणे नसतात. म्हणजे घरात दोन रिमोट सांभाळणे आले. अप्पांच्या त्या एका प्रश्नाने निम्मी निवड झाली. म्हणून, वाचकहो, ज्यांच्यासाठी वस्तू घ्यायची त्यांना शक्य असेल तर दुकानात घेऊन जावे. ते शक्य नसेल, तर घेण्यापूर्वी रिमोटचे चित्र तरी त्यांना दाखवावे.

साधने पुष्कळ आहेत. २०१४च्या अखेरीस भारतात आलेल्या क्रोमकास्टला स्वतःचा रिमोटच नव्हता. चित्र मोबाइलवरून टीव्हीवर पाठवावे लागे. त्याला रिमोट मिळाला तो २०२०च्या आवृत्तीत. फायर टीव्ही स्टिक, गूगल टीव्हीवर चालणारी साधने, ॲपल टीव्ही, ब्रॉडबँड कंपन्यांचे सेट-टॉप बॉक्स अशा आजच्या पर्यायांत चित्राच्या दर्जाचा फरक साठीपुढच्या डोळ्यांना क्वचितच जाणवतो. जाणवतो तो वापरण्यातील सोपेपणाचा. आम्ही घेतलेले साधन कोणत्या कंपनीचे, यापेक्षा ते कोणत्या कसोट्यांवर घेतले, हे आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

पहिली कसोटी कानांची. ब्लूटूथ हेडफोन जोडता येणारे साधन असले की आपल्याला हवा तेवढा आवाज घेता येतो आणि घर शांत राहते. मात्र हेडफोन जोडला की बहुधा टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो. सगळ्यांनी मिळून पाहायचे असल्यास ही अडचण ठरते. श्रवणयंत्र वापरत असाल, तर त्याच कंपनीचे टीव्हीला जोडायचे छोटे साधन मिळते का, हे ऑडिऑलॉजिस्टला अवश्य विचारावे. हेडफोनचा आवाजही बेताचाच ठेवावा. उरलेले ऐकणे जपायचे आहे. जेथे उपशीर्षके उपलब्ध असतील तेथे ती चालू करून त्यांचा आकार मोठा करून ठेवावा.

दुसरी कसोटी डोळ्यांची. पडद्याचा भाग मोठा करून दाखवण्याची किंवा निवडलेली ओळ वाचून दाखवण्याची सोय अनेक साधनांत ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात असते. मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा विकार असणाऱ्यांना तिचा मोठा आधार होतो. बोलून शोधण्याचे बटणही उपयोगी पडते. पण ते मराठी उच्चार कितपत ओळखते, हे आपल्याच आवाजात, आपल्याच आवडीच्या मालिकेचे नाव घेऊन पाहावे.

तिसरी कसोटी इंटरनेटची. चांगल्या चित्रासाठी सुमारे ५ एमबीपीएसचा वेग पुरतो. पण तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खर्च होऊ शकतो. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर टीव्ही पाहू म्हणाल, तर अर्ध्या तासातच तो संपेल. घरी ब्रॉडबँड नसेल आणि बातम्या, कीर्तन, जुनी गाणी एवढेच हवे असेल, तर मासिक वर्गणी नसलेली दूरदर्शनची फ्री डिश अधिक शहाणपणाची. प्रत्येकाने स्ट्रीमिंगकडे वळलेच पाहिजे, असे मुळीच नाही.

साधन जोडताना त्याला वीज टीव्हीच्या यूएसबीमधून न देता सोबतच्या ॲडॅप्टरमधून द्यावी. टीव्हीतून मिळणारी वीज पुष्कळदा अपुरी पडते आणि साधन मध्येच बंद होते. तार भिंतीलगत घट्ट बसवावी. चालण्याच्या वाटेत लोंबणारी तार म्हणजे पडण्याला निमंत्रण, आणि या वयातील पडणे किती महाग पडते, हे आपण जाणताच.

आणखी एक सावधगिरी फार महत्त्वाची. ‘‘तुमचे साधन सुरू करण्यासाठी शुल्क भरा’’ असे सांगणारे फोन किंवा संकेतस्थळे फसवणुकीची असू शकतात. पडद्यावर आलेला ‘कस्टमर केअर’चा क्रमांक इंटरनेटवर शोधून फोन लावू नये, खोक्यावरील क्रमांकच वापरावा. ओटीपी कुणालाही सांगू नये, कुणाच्या सांगण्यावरून मोबाइलमध्ये नवे ॲप घेऊ नये. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. खरेदीसाठी पिन लावून ठेवला, म्हणजे चुकून बटण दाबले जाऊन वर्गणी सुरू होण्याचे भय उरत नाही.

साधन घरी आल्यावर आम्ही पहिल्या पडद्यावर चारच ॲप ठेवले. वहीच्या एका पानावर नातीने ठळक अक्षरांत पाच ओळी लिहिल्या: चालू करणे, हेडफोन, बातम्या, मागे जाणे, बंद करणे. शिकवताना रिमोट मात्र अप्पांच्याच हाती ठेवला. ‘‘आण इकडे, मी लावून देते’’ हे वाक्य प्रेमाचे असले, तरी त्याने शिकणे थांबते. पहिले चार दिवस अप्पा वैतागले. आठवडाभराने न विचारता बातम्या लावू लागले. महिनाभराने जेवताना त्यांनी स्वतःहून एका बातमीवर नातीशी वाद घातला. त्या वादाचा आनंद मला कोणत्याही फोर-के चित्रापेक्षा मोठा वाटला.

आता नवी चिंता आहे ती उठण्याची! एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. पुष्कळ ॲपमध्ये ही सोय बंद करता येते. आम्ही ती बंद केली आहे. भाग संपला की अप्पा उठतात, हेडफोन काढून ठेवतात, अंगणात दोन फेऱ्या मारतात. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याच्या व्यायामांचा सल्ला देते. टीव्हीने तो वेळ खाता कामा नये, आणि झोपेपूर्वीचा तासही.

आपल्या घरात कुणी ज्येष्ठ अलीकडे ‘‘मला काही बघायचं नाही’’ असे म्हणू लागले असतील, तर ते वाक्य जसेच्या तसे स्वीकारू नका. बघायचे नाही, की ऐकू येत नाही, की दर वेळी कुणाला तरी विचारणे नको वाटते, हे हळुवारपणे जाणून घ्या. आणि आपण स्वतःच ज्येष्ठ असाल, तर संकोच न करता सांगा. आपली गरज सांगणे म्हणजे कुणाला त्रास देणे नव्हे. कोणते साधन घ्यावे, याचे उत्तर त्या बोलण्यातूनच मिळेल.