गंजाचा बंदोबस्त

वाघोली, मृगाच्या तोंडावर.

टाटा आणि डायमलर-बेंझ यांच्या 1954 ते 1969 या कराराच्या काळात बांधलेल्या, आणि येथल्या दगडखाणींची खडी नगर रस्त्याने वाहता वाहता निवृत्त झालेल्या आमच्या मालमोटारीच्या क्रोमपट्टीवरून आज हात फिरवताना मनात आले, की क्षयाचा आरंभ नेहमी दृष्टीआडच होतो. क्रोमियम सहसा गंजत नाही. परंतु त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून शिरलेला ओलावा निकेलचा थर भेदून लोखंडाशी संधान बांधतो, आणि वर उमटणारा तांबूस ठिपका हा त्या अंतःस्थ फितुरीचा केवळ बोभाटा असतो.

ॲल्युमिनियमचा चुरगळलेला कागद पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासला असता, हा धातू क्रोमहून मऊ असल्यामुळे, मुलाम्यास ओरखडा न जाता ठिपके निघतात. उघड्या पत्र्याची तजवीज निराळी: फॉस्फरिक आम्लाने गंजाचे लोहफॉस्फेट करावे, पत्रा धुऊन पूर्ण वाळवावा आणि विलंब न लावता त्यावर रेड ऑक्साइडचा हात द्यावा. खाणीची धूळ ओल धरून ठेवते. तीही वरचेवर धुतली पाहिजे.

उडालेला मुलामा मात्र कितीही घासला तरी परतत नाही. म्हणून ज्यांच्या अंगणात अशी जुनी गाडी असेल, त्यांनी पहिल्या सरीपूर्वीच मेणाचा हात फिरवावा.