शून्य टक्के

आमच्या साताऱ्याच्या घरातला फ्रीज गेल्या मे महिन्यात गेला. गेला म्हणजे अगदी गेलाच. 2003 च्या दिवाळीत घेतलेला, बावीस वर्षं बिचारा कुरकुरत का होईना पण चालत होता. मेकॅनिक आला, मागून वाकून बघितलं, आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं आईकडे बघून म्हणाला, "काकू, आता नवीनच घ्या." बाहेर चाळीस डिग्री ऊन, आत दोन डझन हापूसचा रस काढून ठेवलेला. त्या दिवशी आम्ही सकाळ-संध्याकाळ रस खाल्ला, शेजारी वाटला, आणि दुसऱ्या दिवशी मी, आई आणि बाबा दुकानात.

फ्रीज आईला लगेच पसंत पडला. किंमत 36,000. विकणारा मुलगा हसतमुख होता. "काका, पैशाचं टेन्शन नाही. शून्य टक्के व्याज. महिना फक्त तीन हजार, बारा महिने. एक रुपया जास्त द्यायचा नाही."

मी खूश. बाबांची एफडी मोडायला नको, माझ्या नावावर कर्ज घेऊ, हप्ता माझ्या खात्यातून जाईल, असा बेत मी पुण्याहून निघतानाच मनाशी करून आले होते. पण बाबांनी चष्मा पुसला आणि त्या मुलाला विचारलं, "मग त्याला काय मिळतं?"

"कुणाला काका?"

"पैसे देणाऱ्याला. तो काय धर्मादाय आहे?"

बाबा चौतीस वर्षं एका शाळेत क्लार्क होते. पावती आणि रजिस्टर यांचा मेळ लागल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मुलगाही जरा गडबडला, मग म्हणाला, कंपनी देते व्याज. ते अगदी खोटं नाही. अशा योजनांमध्ये फायनान्सवाल्याचं व्याज बऱ्याचदा वस्तू बनवणारी कंपनी किंवा दुकानदार सोसतो, कारण त्यामुळे माल खपतो. पण बाबांचा पुढचा प्रश्न तयार होता. "आणि रोख दिले तर कितीला?"

थोडी कुजबुज झाली, आतून मॅनेजर आले, आणि कळलं की रोख दिले तर चौतीस हजार.

मग बाबांनी दुकानाच्याच जाहिरातीच्या कागदामागे गणित मांडलं. बारातले चार हप्ते आधीच भरायचे होते, म्हणजे 12,000 आजच. वर प्रोसेसिंग फी 600 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 708. आज खिशातून जाणार 12,708. वस्तूची खरी किंमत 34,000, म्हणजे आपण उसने घेतले फक्त 21,292. आणि पुढच्या आठ महिन्यांत परत करायचे 24,000. वर गेले 2,708 रुपये.

"हे व्याज नाही तर काय आहे?" बाबा म्हणाले.

मी घरी येऊन कॉम्प्युटरवर नीट आकडेमोड केली. वर्षाला साधारण 33 टक्के पडतात! शून्याच्या शेजारी तीन-तीन कुठून आले ते त्या मुलालाही माहीत नसणार. त्याची काही चूक नाही, त्याला जे शिकवलं ते तो बोलत होता.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं. त्यानंतर पाटी बदलली, 'नो कॉस्ट' हा शब्द आला. क्रेडिट कार्डावर घेतलं तर बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट किमतीत आधी देतात. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो. 36,000 ची वस्तू, बारा महिने आणि 15 टक्के दर धरला तर ते पाचशेच्या आसपास जातात. 'नो कॉस्ट'ची कॉस्ट.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर आमचे मुंबईचे काका म्हणतील मी बापाचीच री ओढते. रोखीला सूट नसेल, आगाऊ हप्ते नसतील, तर ही योजना खरंच फायद्याची असू शकते. 36,000 आपल्याकडे आहेत, ते साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवले आणि महिन्याला तीन हजार काढून देत गेलो, तर वर्षात बाराशेच्या आसपास व्याज सुटतं. 708 फी वजा केली तरी पाचशे हातात. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला बिनव्याजी उधारी फायद्याची. ज्याच्याकडे नाहीत त्याला ती लागते, आणि एखादा हप्ता चुकला की शून्याचं शून्यपण संपतं.

हे शेवटचं वाक्य मी अनुभवाने लिहिते आहे, आणि घरातले बरेच जण हे वाचणार हे माहीत असूनही लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी मी टीव्ही असाच घेतला होता. मग फोन. मग मुलाचा लॅपटॉप. प्रत्येक हप्ता एकेकटा बघितला तर छोटासाच. एका महिन्यात पगार चार दिवस उशिरा आला आणि टीव्हीचा हप्ता परत गेला. फायनान्सवाल्यांनी दंड लावला, माझ्या बँकेने वेगळा लावला. मी मेसेज नीट वाचलेच नाहीत, आणि पुढचा महिना उजाडला. पुढे घरासाठी कर्ज काढायला गेलो तेव्हा समोरच्या बाईंनी माझ्या क्रेडिट रिपोर्टवर पेनचं टोक ठेवून विचारलं, "हे काय आहे?" कर्ज मिळालं, पण दर थोडा जास्त लागला. एका टीव्हीच्या हप्त्यासाठी वीस वर्षं थोडं थोडं जास्त. नवऱ्याला माहीत होतं. बाबांना मी कधी सांगितलं नव्हतं.

असो. फ्रीज रोखीने घेतला. बाबांनी एफडी मोडली. मी परत येताना रिक्षात गप्प होते. मला वाटत होतं, बाबांना माझ्यावर विश्वास नाही, मुलीचे पैसे नकोत.

रात्री आई नव्या फ्रीजमध्ये भांडी लावता लावता म्हणाली, "त्यांना हप्ता म्हटलं की शिलाई मशीन आठवतं."

कुठलं मशीन? आमच्याकडे मशीन मी कधी बघितलंच नव्हतं.

1984 साली बाबांनी आईला हप्त्यावर शिलाई मशीन घेऊन दिलं होतं. महिना 75 रुपये. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मशीन दुकानाचंच, असा तेव्हाचा करार. मग मला टायफॉइड झाला, मी दीड वर्षाची होते, आणि दोन हप्ते राहिले. दुकानाचा माणूस हातगाडी घेऊन भर दुपारी वाड्यात आला. मशीनवर शेजारच्या काकूंचा ब्लाउज लावलेला होता, एक बाही जोडायची राहिलेली. आईने दोरा तोडून तो काढून घेतला. वाड्यातले सगळे दारात उभे. बाबा शाळेतून आले तेव्हा कोपरा रिकामा होता. ती बाही आईने हाताने शिवून दिली, आणि शिलाई पूर्ण घेतली, हे ती आजही अभिमानाने सांगते.

"भरलेले पैसे?" मी विचारलं.

"ते गेले की," आई म्हणाली आणि रसाचं पातेलं वरच्या कप्प्यात सरकवलं.

मग मी बाबांना माझ्या टीव्हीचं सांगितलं. ते झोपाळ्यावर बसले होते. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "सध्या किती चालू आहेत?"

"दोन. फोन आणि लॅपटॉप."

"कधी जातात?"

"पाच तारखेला."

पुढे काहीच बोलले नाहीत. सकाळी चहा घेताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. डिसेंबरपर्यंतच्या प्रत्येक पाच तारखेला पेन्सिलीने बारीक गोल केला होता. तेव्हापासून दर महिन्याच्या चार तारखेला न चुकता फोन येतो. आधी हवापाण्याची चौकशी, मग आई बरी आहे, फ्रीज चांगला चाललाय, आणि फोन ठेवता ठेवता, सहज आठवल्यासारखं, "अगं, खात्यात पैसे आहेत ना?"