अ‍ॅक्च्युअली ना…

सदाशिव पेठ,
पुणे ३०

चि. मनू,


‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणायचं म्हणून तू ऑफिसात ‘आक्टुएल’ म्हणालीस आणि समोरच्याला वाटलं, तू ‘सध्या’ काय चाललंय ते सांगते आहेस! रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून तिकडे गेलेल्यांपैकी असं फसणारी तू पहिली नव्हेस. फ्रेंचवाल्यांचंही तेच होतं, त्यांचं ‘आक्त्युएलमाँ’सुद्धा ‘सध्या’च. सगळे एकाच लॅटिन घराण्यातले, ‘कृती’शी नातं सांगणारे शब्द. इंग्रजीतला ‘खरोखर’कडे वळला, हे दोघे ‘आत्ता’पाशी थांबले.

पण तुझा खरा प्रश्न लेकीचा, रियाचा. तिला मराठी बोलताना ‘अ‍ॅक्च्युअली’ऐवजी काय म्हणायला शिकवू, एक शब्द सांग, म्हणतेस. एका शब्दात भागणार नाही गं.

परवा नळ दुरुस्त करणारा मुलगा दारातूनच म्हणाला, ‘काकू, अ‍ॅक्च्युअली ना, आज नाही जमणार.’ यात खरं-खोटं काहीच नव्हतं. नकार आपटू नये म्हणून खाली घातलेली ती उशी होती. पुण्यात पूर्वी नकार नुसता ‘नाही’ एवढाच असायचा, आणि तोही पाटीवर लिहिलेला. फारच सौजन्य दाखवायचं असेल तर ‘त्याचं काय आहे वहिनी,’ म्हणून सुरुवात व्हायची आणि मग वॉशर कुठल्या दुकानात मिळाला नाही इथपर्यंत सगळी हकिगत. या मुलाने हकिगत गाळली, ‘ना’ मात्र ठेवला. हा ‘ना’ अस्सल आपला. तो चिकटला की इंग्रजी शब्दसुद्धा पेठेतला होतो.

आता दुसरं. ‘मी त्यांना अ‍ॅक्च्युअली पाहिलंय’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली, मी त्यांना पाहिलंय’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघ. पहिल्यात शब्द क्रियापदाला बिलगलाय: स्वतःच्या डोळ्यांनी, प्रत्यक्ष पाहिलंय. दुसऱ्यात तो वाक्याच्या उंबऱ्यावर उभा राहून समोरच्याला अडवतो: तू म्हणतोस तसं नाही, खरं तर मी पाहिलंय. इंग्रजीतही असंच चालतं, आणि तिथेही हे अडवणं वरकरणी नम्र असतं. फरक सगळा जागेचा आणि त्या स्वल्पविरामाचा. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय ज्यांना देतात ते मेजर थॉमस कँडी पुण्याचेच म्हणायचे, इथल्या पूना कॉलेजचे प्रमुख होते. मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये त्यांनीच पुरा केला.

तुझे बाबा म्हणतील, ही सगळी भाषेची भेसळ. त्यांना फार मनावर घेऊ नकोस. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, त्यात दरबार, किल्ले, शस्त्रं, लेखन अशा वर्गांतल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आले आणि टिकले. दोन्ही वेळा मुख्य रोख नामांवर. क्रियाविशेषणं मात्र बोलण्याच्या ओघात मागच्या दाराने येतात आणि घरची होऊन बसतात. तुझे बाबा ज्या ‘फक्त’, ‘जरूर’, ‘बिलकुल’ आणि ‘हल्ली’वाचून एक दिवस काढू शकत नाहीत, ते सगळे असेच आले. ‘हल्लीची पिढी बिलकुल मराठी बोलत नाही’ हे त्यांचं आवडतं वाक्य त्यांना एकदा फोडून दाखव. मजा येईल.

तेव्हा शब्द परका म्हणून माझी तक्रार नाही. तो अधाशी आहे, ही आहे. ‘प्रत्यक्ष’, ‘खरं तर’ आणि ‘त्याचं काय आहे’ ही तीन निरनिराळी कामं त्याने एकट्याने बळकावली. वर चौथंही घेतलंय. परवा बसमध्ये दोन कॉलेजच्या मुली होत्या. एक म्हणाली, ‘केवढं ट्रॅफिक आहे!’ दुसरी म्हणाली, ‘अ‍ॅक्च्युअली!’ एवढंच. म्हणजे ‘हो ना!’ ज्या शब्दाने कालपर्यंत समोरच्याला खोडून काढलं, त्यानेच आता मान डोलवायची! मुलगी खरं सांगतेय, वाद घालतेय, टाळतेय की दुजोरा देतेय, हे ओळखायला तिच्या तोंडाकडे बघावं लागतं. फोनवर तर पंचाईतच.

रियाला आधी ‘प्रत्यक्ष’ शिकव, जोडाक्षरांचा सरावही होईल. ‘खरं तर’ वेगळं शिकवायला नको, तुझ्याशी वाद घालायला लागली की आपोआप उचलेल. ‘त्याचं काय आहे’ मात्र तिकडे यायचं नाही. त्यासाठी तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे धाड, आमच्या सोसायटीच्या मीटिंगला घेऊन जाते.

तुझी,
आत्या