घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

आम्ही दोघी जावा. बीडमध्ये एकाच घरात, एकाच चुलीवर चौदा वर्षं झाली. घरात घोरणारेही दोघंच: थोरलीचे मालक, वय ४८, आणि धाकटीचा मुलगा, वय ६. दोघांच्या घोरण्यावर घरात हसणं व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, "राबणाऱ्याला अशीच झोप लागते." आम्हालाही तसंच वाटायचं.

रमजानमध्ये सहरीच्या भाकरी करायला आम्ही साडेतीनला उठलो होतो. घर शांत, आणि आतल्या खोलीतून नेहमीचा आवाज. एकाएकी तो थांबला. आम्ही डोकावून पाहिलं. छाती, पोट हलत होतं, पण नाकातोंडातून श्वास नव्हता. मनात वीसपर्यंत आकडे मोजून झाले, तेव्हा कुठे मोठ्ठा हुंदका देऊन श्वास परतला. ते कुशीवर वळले आणि पुन्हा घोरू लागले. सकाळी विचारलं तर त्यांना काहीच आठवेना.

मुलाचं दुखणं वेगळं दिसायचं. तो तोंड उघडं टाकून, मान मागे फेकून झोपायचा. उशी घामानं ओली व्हायची, अंथरूणही कधीकधी ओलं. दिवसा मात्र तो पेंगायचा नाही, उलट चिडायचा, एका जागी बसायचा नाही. बाईंची तक्रार होती, लक्ष नाही. आम्ही त्याला रागावत राहिलो. त्याचं आज वाईट वाटतं.

त्याचा झोपेतला व्हिडिओ मोबाइलवर घेऊन आम्ही अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला. घसा तपासला, मानेचा एक्स-रे काढला. टॉन्सिल मोठे होतेच, नाकाच्या मागची ॲडेनॉइडची गाठही वाढलेली. निजल्यावर स्नायू सैल पडले की मुलाची श्वासाची वाट जवळजवळ बंद व्हायची. लहान मुलांत बहुतेक वेळा कारण हेच असतं, आणि दोन्ही काढले की बहुतेकांना आराम पडतो. मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोण घोरतं?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

थोरलीचे मालक टेम्पो चालवतात. ब्लडप्रेशरची एक गोळी वाढून दोन झाल्या होत्या. दवाखान्यात झोपेबद्दल कुणी विचारलं नव्हतं, आम्हीही सांगितलं नव्हतं. सकाळी डोकं जड, जुम्याच्या खुतब्यात डुलकी. तपासाचं नाव काढताच ते गप्प झाले. रात्री त्यांनी सांगितलं, चार महिन्यांपूर्वी मांजरसुंब्याच्या घाटात डोळा लागला होता. टेम्पो कठड्याला घासून थांबला. आम्ही घाबरू म्हणून ही गोष्ट त्यांनी मनातच ठेवली होती.

तपासासाठी छत्रपती संभाजीनगरला गेलो. तिथून एका रात्रीपुरतं छोटं यंत्र घरी मिळालं: बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी. तासाला श्वास किती वेळा अडतो ते त्यातून कळतं. मोठ्या माणसात पाचच्या आत असेल तर ठीक, तीसच्या वर म्हणजे आजार तीव्र. लहान मुलात तासाला एकाहून जास्तही चालत नाही. यांचा आकडा आला ३८. प्रत्येक वेळी रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागं करतो, हृदयावर ताण येतो. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

त्यांना सीपॅप मशीन दिलं. ते मास्कमधून हवेचा हलका दाब देतं, त्यामुळे घसा मिटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय जगासमोर आणला. पहिला आठवडा कठीण गेला. मास्क सैल व्हायचा, ते रागानं काढून फेकायचे. दुसरा मास्क नीट बसला. वीज गेली की मशीन बंद, म्हणून इन्व्हर्टर घेतला; त्यासाठी धाकटीनं भिशीचे पैसे दिले. वजन उतरवायचं, कुशीवर झोपायचं, आणि झोपेच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, हेही डॉक्टरांनी बजावलं. नीट झोप होईपर्यंत टेम्पो थोरल्या मुलाच्या हाती दिला.

मुलाचं ऑपरेशन झालं. तीन दिवस तो थंड दूध आणि मऊ खिचडीवर होता. महिनाभरात अंथरूण कोरडं राहू लागलं. आता तो तोंड मिटून झोपतो. पहिले काही दिवस आवाजच येईना, म्हणून आम्हीच रात्री उठून त्याच्या नाकाशी हात धरून पाहायचो.

हा आजार ज्याला असतो त्याला तो दिसत नाही; शेजारी झोपणाऱ्यालाच दिसतो. म्हणून बहिणींनो, घरात कुणी घोरत असेल तर हसण्याआधी पाच मिनिटं जवळ बसून ऐका. घोरणं मधेच थांबतं का, श्वास हुंदक्यानं परततो का, ते पाहा. व्हिडिओ घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. आम्हाला ते कळायला फार उशीर झाला होता. घाटातला तो कठडा मजबूत होता, ही अल्लाहची मेहरबानी.