सगळ्यात जास्त वाचलेलं

गेल्या सहा वर्षांत मी चाळीसेक लेख लिहिले. त्यांतले सगळ्यात जास्त कोणते वाचले गेले, ते परवा पाहत बसलो. आजीच्या गोधड्यांवर महिनाभर खपून लिहिलेला लेख पार तळाशी. पहिल्या क्रमांकावर अर्ध्या पानाचं टिपण: कॉम्प्युटरवर ‘ऱ्य’ कसा टाइप करायचा.

त्यात सांगितलं होतं ते एवढंच. नेहमीच्या ‘र’ला हलन्त देऊन ‘य’ जोडला, की रफार होतो: ‘र्य’. आपल्याला हवा असतो खाली नुक्ता असलेला ‘ऱ’. युनिकोडमध्ये ही दोन वेगळी अक्षरं आहेत, ०९३० आणि ०९३१. दुसरं द्राविडी भाषांतला एक ‘र’ लिहिण्यासाठी. त्याचं अर्धं रूप मराठीच्या कामी येतं. ते चुकलं की दऱ्यांचा दर्या होतो, आणि लग्नात आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांच्या नावावर पडतात.

टिपण जेवणाच्या सुट्टीत लिहिलेलं. ते पहिलं आलेलं पाहून जरा लागलंच. मग त्यावर आलेली पत्रं पुन्हा वाचली. एक बाई वडिलांच्या कवितांचं पुस्तक छापत होत्या. वडील आयुष्यभर सह्याद्रीत हिंडलेले, प्रुफांत मात्र जिथेतिथे समुद्र. ‘बाबांच्या दऱ्या परत मिळाल्या,’ एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

गोधड्यांवरच्या लेखाने कुणाला काय परत मिळालं, ते अजून कुणी कळवलेलं नाही. तसं लिहिणं मी सोडणार नाही. पण सध्या ‘ऱ्ह’वर टिपण लिहायला घेतलंय. कऱ्हाडकर केव्हापासून खोळंबलेत.